विंचूदंश आणि अल्फा-ग्राहीरोधक औषध : कोकणातील एका उपचाराचा इतिहास (इ. स. १९६१ ते २०११)

१. प्रस्तावना

रत्नागिरी तालुक्याच्या किनाऱ्यावरील मालगुंड हे गाव मराठी वाचकाला कवी केशवसुतांचे जन्मगाव म्हणून परिचित आहे. जांभ्या दगडाची घरे, दगडावर दगड रचून उभारलेले गडगे, परसातील लाकूडफाटा, भाताची खाचरे आणि पेंढ्याच्या उडव्या हे या परिसराचे नेहमीचे चित्र. मात्र ज्या भेगांनी, पालापाचोळ्याने आणि कोरड्या लाकडांनी हे चित्र पूर्ण होते, त्याच जागा लाल विंचवाच्याही वसतिस्थाने आहेत. राबासाठी पालापाचोळा गोळा करताना, सरपण उचलताना, भाताच्या पेंढ्या बांधताना किंवा रात्री अंगणात अनवाणी वावरताना होणारा विंचूदंश हा मालगुंडपासून महाडपर्यंतच्या कोकणी जीवनातील एक जुना धोका होय.

संत एकनाथांनी विंचवाला भारुडात आणून काम-क्रोधाचे रूपक केले. म्हणजे दंशाच्या वेदनेचा अनुभव सोळाव्या शतकातील श्रोत्यांना सांगावा लागत नव्हता. परंतु कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने केवळ वेदना होत नसे. धडधाकट मूल किंवा तरुण शेतकरी काही तासांत धाप लागून, तोंडाला फेस येऊन दगावत असे. हा मृत्यू नेमका कशाने होतो आणि तो टाळता येतो काय, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाले. ते उत्तर अ‍ॅड्रिनॅलिनच्या कार्याला अटकाव करणाऱ्या औषधांच्या एका गटात दडलेले होते आणि ते एका ग्रामीण आरोग्य केंद्रातील निरीक्षणांतून पुढे आले.

२. उद्दिष्टे आणि व्याप्ती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत : (अ) अ‍ॅड्रिनॅलिन-ग्राही ही संकल्पना आणि ग्राहीरोधक औषधे यांच्या विकासाचा संक्षिप्त आढावा घेणे, (आ) विंचूदंशाच्या उपचारात प्राझोसिन या औषधाचा वापर कोकणात कसा सुरू झाला याचा मागोवा घेणे, (इ) प्रयोगशाळेतील ज्ञान आणि ग्रामीण रुग्णशय्येवरील निरीक्षण यांच्यातील संबंध तपासणे. प्रकाशित वैद्यकीय निबंध हा या विवेचनाचा मुख्य आधार असून निबंध ऐतिहासिक स्वरूपाचा आहे. उपचाराचे मार्गदर्शन करणे हा त्याचा हेतू नाही.

३. ग्राही संकल्पनेचा उदय

मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या अर्कामुळे रक्तदाब झपाट्याने वाढतो, हे ऑलिव्हर आणि शेफर यांनी इंग्लंडमध्ये १८९४-९५ च्या सुमारास दाखवून दिले. त्यातील क्रियाशील द्रव्य म्हणजे अ‍ॅड्रिनॅलिन. पुढे १९४६ साली स्वीडनमधील फॉन ऑयलर यांनी अनुकंपी तंत्रिकांच्या टोकांतून स्रवणारे द्रव्य नॉरअ‍ॅड्रिनॅलिन असल्याचे सिद्ध केले. संकटसमयी हृदय जोराने धडधडणे, हातपाय गार पडणे, घाम फुटणे या साऱ्या घटनांमागे ही अनुकंपी यंत्रणा असते.

या इतिहासातील एक प्रयोग पुढील विवेचनासाठी विशेष महत्त्वाचा आहे. १९०६ साली हेन्री डेल यांनी अर्गट नावाच्या बुरशीचा अर्क प्राण्यांना देऊन नंतर अ‍ॅड्रिनॅलिन टोचले. एरवी रक्तदाब वाढविणाऱ्या अ‍ॅड्रिनॅलिनने या वेळी रक्तदाब उलट खाली आणला. एकाच द्रव्याचे दोन परस्परविरुद्ध परिणाम असू शकतात आणि त्यांपैकी एक रोखला की दुसरा उघडा पडतो, हे त्यातून दिसले. पण त्याची समाधानकारक उपपत्ती मिळण्यास चार दशके जावी लागली.

ती उपपत्ती अमेरिकेतील रेमंड आलक्विस्ट यांनी १९४८ साली मांडली. अ‍ॅड्रिनॅलिनसारखी द्रव्ये पेशींवरील दोन प्रकारच्या ग्राहींवर कार्य करतात. त्यांना त्यांनी अल्फा आणि बीटा अशी नावे दिली. स्थूलमानाने सांगायचे तर अल्फा-ग्राही उद्दीपित झाले की रक्तवाहिन्या आकसतात. बीटा-ग्राही उद्दीपित झाले की हृदयाची गती व जोर वाढतो आणि श्वासनलिका व काही रक्तवाहिन्या सैलावतात. डेल यांच्या प्रयोगाचा अर्थ आता स्पष्ट झाला. अर्गटने अल्फा-ग्राही बंद केले होते, त्यामुळे बीटा-ग्राहींचा रक्तवाहिन्या सैलावणारा परिणाम तेवढा शिल्लक राहिला. आलक्विस्ट यांच्या विभागणीला आरंभी फारसा प्रतिसाद मिळाला नाही. ग्राही ही त्या काळी प्रत्यक्ष न दिसणारी, केवळ अनुमानाने मानलेली वस्तू होती.

४. ग्राहीरोधक औषधे : कार्य आणि उपयोग

ग्राहीरोधक औषध ग्राहीवर जाऊन बसते, परंतु त्याला उद्दीपित करीत नाही. कुलपात बसणारी पण न फिरणारी किल्ली जशी खऱ्या किल्लीची वाट अडविते, तसेच हे आहे. बहुतेक रोधकांच्या बाबतीत ही स्पर्धा असते. अ‍ॅड्रिनॅलिनचे प्रमाण फार वाढले तर ते रोधकाला हटवू शकते. फिनॉक्सिबेन्झामिनसारखे काही रोधक मात्र ग्राहीला कायमचे चिकटतात आणि नवे ग्राही तयार होईपर्यंत परिणाम टिकतो.

बीटा-रोधकांचा उपयुक्त इतिहास स्कॉटिश वैद्यकशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांच्यापासून सुरू होतो. हृदयशूलाच्या रुग्णात हृदयाला होणारा रक्तपुरवठा वाढविण्याऐवजी हृदयाची गरजच कमी करावी, हा त्यांचा विचार. त्यातून १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल हे औषध आले. ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उच्च रक्तदाब, हृदयशूल, हृदयाच्या गतीतील बिघाड, हृदयविकाराच्या झटक्यानंतरचे संरक्षण, अवटु ग्रंथीचा अतिस्राव, अर्धशिशीचा प्रतिबंध आणि काचबिंदू इतका त्यांच्या उपयोगाचा विस्तार झाला. एके काळी हृदयनिकामीपणात वर्ज्य मानलेली ही औषधे १९९० च्या दशकातील मोठ्या चाचण्यांनंतर त्याच विकाराच्या दीर्घकालीन उपचारात मान्य झाली. दम्याच्या रुग्णाला मात्र ती धोक्याची ठरतात, कारण श्वासनलिका सैल ठेवणारे ग्राहीही त्यांनी बंद होऊ शकतात.

अल्फा-रोधकांची वाटचाल वेगळी झाली. फेंटोलामिन आणि फिनॉक्सिबेन्झामिन ही जुनी औषधे प्रामुख्याने अधिवृक्क ग्रंथीच्या अ‍ॅड्रिनॅलिन स्रवणाऱ्या गाठीत वापरली गेली. या गाठीच्या उपचारातील एक नियम लक्षणीय आहे : आधी अल्फा-रोधक द्यावा आणि त्याचा परिणाम स्थिरावल्यावरच, गरज भासल्यास, बीटा-रोधक. हा क्रम उलटला तर रक्तवाहिन्या सैलावणारे बीटा-ग्राही बंद होतात, आकसविणारे अल्फा-ग्राही मोकळे राहतात आणि रक्तदाब धोकादायक पातळीला जाऊ शकतो. डेल यांच्या प्रयोगाचीच ही उलटी बाजू होय.

१९७० च्या दशकाच्या मध्यास प्राझोसिन हे उच्च रक्तदाबावरील औषध म्हणून बाजारात आले. प्रारंभी ते रक्तवाहिन्यांवर थेट कार्य करते असा समज होता. त्याच दशकात अल्फा-ग्राहींचेही दोन उपप्रकार असल्याचे स्पष्ट झाले आणि प्राझोसिन त्यांपैकी केवळ अल्फा-१ ग्राही रोखते, हे कळून आले. तंत्रिकेच्या टोकावरील अल्फा-२ ग्राही नॉरअ‍ॅड्रिनॅलिनच्या स्रावाला लगाम घालतात; जुनी औषधे हा लगामही सोडवीत, त्यामुळे हृदय अधिक धडधडे. प्राझोसिनने तो दोष बराच टळला. पहिल्या मात्रेनंतर उभे राहताच रक्तदाब उतरून भोवळ येणे हा त्याचा परिचित दुष्परिणाम. याच कुळातील टेराझोसिन व टॅम्सुलोसिन ही औषधे पुढे प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीमुळे होणाऱ्या मूत्ररोधात प्रचलित झाली.

५. लाल विंचवाचे विष

लाल विंचवाचे शास्त्रीय वर्णन फॅब्रिशिअस यांनी १७९८ साली केले. त्याच्या वंशाचे नाव अनेकदा बदलले. सध्या तो हॉटेन्टोटा टॅम्युलस या नावाने ओळखला जातो. येथील प्रकाराला पोकॉक यांनी कोकणावरूनच नाव दिले होते, ही नोंद या प्राण्याचे प्रदेशाशी असलेले नाते दाखविते.

या विषातील प्रथिने तंत्रिकापेशींच्या आवरणातील आयनमार्गांवर कार्य करतात. सोडियमचे मार्ग वेळेवर बंद होत नाहीत, पोटॅशियमचे काही मार्ग अडतात आणि तंत्रिका अखंड संदेश पाठवीत राहतात. त्यामुळे स्वायत्त तंत्रिका तंत्रात जणू वादळ उठते. आरंभी अल्पकाळ परानुकंपी लक्षणे दिसतात : उलट्या, लाळ, दरदरून घाम आणि पुरुष रुग्णांत लिंगाची वेदनादायक ताठरता. त्यानंतर अनुकंपी अवस्था सुरू होते व ती दीर्घकाळ टिकते. अ‍ॅड्रिनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन यांच्या पुराने रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, रक्तदाब चढतो आणि आकसलेल्या वाहिन्यांच्या विरोधात रक्त ढकलताना हृदय थकते. अखेरीस रक्त फुप्फुसांत तुंबते, फुप्फुसशोफ होतो, म्हणजे फुप्फुसांत पाणी साचते, आणि रक्तदाब कोसळतो.

येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. दंशाच्या जागेची वेदना आणि जिवाचा धोका यांचे प्रमाण सारखे नसते. वेदनेने तळमळणारा रुग्ण बहुधा सुखरूप असतो. शांत पडलेले, घामाने भिजलेले, गार पडलेले मूल धोक्यात असू शकते. वेदनेवरून गांभीर्य ठरविणाऱ्या घरच्या माणसांची आणि वैद्यांची फसगत होण्याचे हे एक कारण होते.

६. प्राझोसिनपूर्व काळ

१९६१ साली मुंडले यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विंचूदंशानंतर होणाऱ्या फुप्फुसशोफाकडे लक्ष वेधले. मृत्यूचा मार्ग हृदय आणि फुप्फुसे यांतून जातो, ही जाणीव त्यामुळे वैद्यकीय वाङ्मयात रुजू लागली. उपचार मात्र अनिश्चित राहिले. पेथिडिन, क्लोरप्रोमॅझिन आणि प्रोमेथॅझिन यांचे मिश्रण, स्टेरॉइड, अ‍ॅट्रोपिन, बीटा-रोधक असे विविध उपाय होत राहिले.

यांतील काही उपाय केवळ निरुपयोगी नव्हते, तर घातक ठरण्यासारखे होते. घाम आणि लाळ थांबविण्यासाठी दिलेले अ‍ॅट्रोपिन हृदयावरील परानुकंपी लगाम काढून घेते आणि आधीच धावणारे हृदय अधिक धावू लागते. वेगवान हृदय पाहून बीटा-रोधक देण्याची कल्पना वरवर तर्कशुद्ध वाटते. परंतु त्यामुळे हृदयाचा जोर कमी होतो, अल्फा-ग्राहींचे आकुंचन मात्र तसेच राहते. म्हणजे ओझे कायम ठेवून वाहणाऱ्याचे बळ काढून घेतले जाते. ‘अ‍ॅड्रिनॅलिन रोखा’ एवढा निष्कर्ष पुरेसा नव्हता. कोणता ग्राही रोखायचा, हा जीवनमरणाचा प्रश्न होता.

७. बिरवाडी आणि महाड येथील निरीक्षणे

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे श्रेय प्रामुख्याने डॉ. हिम्मतराव साळुबा बावस्कर यांच्याकडे जाते. जालना जिल्ह्यातील देहेड या गावी १९५१ साली जन्मलेले बावस्कर नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखल झाले. हा तालुका तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यात मोडतो. जिल्हा वेगळा असला तरी भूमी तीच आहे : जांभ्याची, भाताची आणि लाल विंचवाची. त्यामुळे बिरवाडीतील रुग्ण हा मालगुंडमधील रुग्णाहून वेगळा नव्हता.

आरोग्य केंद्रात अद्ययावत साधने नव्हती. होते ते रुग्णाच्या उशाशी बसून केलेले निरीक्षण. नाडी, रक्तदाब, श्वास, घाम आणि हातापायांचे तापमान यांच्या नोंदी तासातासाने ठेवल्या गेल्या. १९७८ साली गायतोंडे, जाधव आणि बावस्कर यांचे विंचूदंशानंतरच्या फुप्फुसशोफावरील टिपण ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांपैकी डॉ. गायतोंडे मुंबईच्या हाफकिन संस्थेशी संबंधित होते. खेड्यातील आरोग्य केंद्र आणि महानगरातील संशोधन संस्था यांच्यातील हा दुवा लक्षणीय आहे. १९८२ साली बावस्कर यांचा स्वतंत्र निबंध त्याच नियतकालिकात आला. त्यात हृदयावरील परिणामांची पूर्वसूचना देणाऱ्या लक्षणांची मांडणी होती. उलटी, घाम, लिंगाची ताठरता आणि गार हातपाय ही लक्षणे दिसली तर पुढील काही तासांत हृदय संकटात येणार, हे ओळखण्यासाठी यंत्राची गरज उरली नाही.

८. प्राझोसिनचा वापर

निदानानंतरचा टप्पा उपचाराचा होता. रक्तवाहिन्या आकसल्यामुळे हृदय थकत असेल, तर त्या सैल कराव्यात, हा विचार निरीक्षणांतूनच पुढे आला. फुप्फुसशोफाच्या गंभीर रुग्णांत सोडियम नायट्रोप्रुसाइड शिरेतून देऊन त्याची प्रचीती घेण्यात आली. परंतु या औषधाला थेंबाथेंबाचे नियंत्रण आणि सतत देखरेख लागते. सर्वच खेड्यांत ते शक्य नव्हते. तोंडाने देता येईल, रक्तवाहिन्या सैल करील आणि मूळ कारणावरच, म्हणजे अल्फा-ग्राहींच्या अतिउद्दीपनावर, आघात करील असे औषध हवे होते. उच्च रक्तदाबासाठी आलेले प्राझोसिन या तिन्ही कसोट्यांना उतरले.

१९८६ साली हिम्मतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी विंचूदंशातील हृदय व रक्ताभिसरणाच्या विकारांवर प्राझोसिनचा वापर ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत दर किलो वजनामागे ३० मायक्रोग्रॅम इतकी मात्रा तोंडाने देऊन ती तीन तासांनी पुन्हा देतात आणि हातपाय उबदार होईपर्यंत उपचार चालू ठेवतात. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब उतरू नये म्हणून रुग्णाला निजवून ठेवावे लागते. उपचाराची फलश्रुती मोजण्याचे साधन रुग्णाच्या तळहातातच होते : गार हात उबदार झाला की अल्फा-ग्राहींवरील ताण उतरला.

या उपचाराला एक वैचारिक अडथळाही होता. उशिरा आलेल्या रुग्णाचा रक्तदाब कोसळलेला असतो. अशा वेळी रक्तदाब कमी करणारे औषध देणे हे सर्वसाधारण शिकवणुकीच्या विरुद्ध भासते. परंतु येथील घसरलेला रक्तदाब हा आकसलेल्या वाहिन्यांपुढे थकलेल्या हृदयाचा परिणाम असतो. ओझे कमी झाले की हृदय पुन्हा रक्त पुढे ढकलू लागते. त्यामुळे योग्य देखरेखीखाली दिलेले प्राझोसिन अशा रुग्णांतही उपयुक्त ठरू शकते.

बावस्कर यांनी आपल्या लेखनात नोंदविल्यानुसार गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण प्राझोसिनपूर्व काळात सुमारे तीस टक्के होते, ते नंतर एक टक्क्याखाली आले. ही तुलना दोन भिन्न काळांतील असल्याने वाहतुकीची सुधारणा, लोकजागृती आणि लवकर निदान यांचाही वाटा तीत धरावा लागतो. तरीही घट इतकी मोठी आहे की तिचे श्रेय केवळ परिस्थितीला देता येत नाही. २०२२ साली बावस्कर यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

९. प्रतिविषाचा प्रश्न

प्राझोसिन विषाचा परिणाम रोखते. विष मात्र शरीरात राहते. म्हणून विषालाच निष्प्रभ करणाऱ्या प्रतिविषाचा प्रश्न पुढे आला. जगातील अनुभव एकसारखा नव्हता. ट्युनिशियात अब्रूग आणि सहकाऱ्यांनी ८२५ रुग्णांवर केलेल्या व १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रतिविषाचा लाभ आढळला नाही. परंतु तेथील विंचू, विष आणि प्रतिविष यांपैकी काहीच कोकणातले नव्हते.

हाफकिनमध्ये लाल विंचवाच्या विषावर तयार झालेले प्रतिविष उपलब्ध झाल्यावर येथे नवा अभ्यास सुरू झाला. पश्चिम महाराष्ट्रातील ग्रामीण रुग्णालयाचा त्यासंबंधीचा अनुभव नातू व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केला. २०११ साली बावस्कर दांपत्याची ७० रुग्णांवरील यादृच्छिक चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. दहा तासांत लक्षणमुक्त झालेल्यांची संख्या प्रतिविष आणि प्राझोसिन मिळालेल्या गटात ३५ पैकी ३२, तर केवळ प्राझोसिन मिळालेल्या गटात ३५ पैकी ८ होती. प्राझोसिनच्या पुरस्कर्त्यांनीच आपल्या उपचाराची मर्यादा चाचणीद्वारे तपासून प्रसिद्ध करावी, ही या इतिहासातील मोलाची बाब होय. यातून प्राझोसिन निरर्थक ठरले नाही. प्रतिविष पोहोचेपर्यंत, किंवा ते मिळत नसेल तेथे, आणि मिळाल्यावरही त्याच्या जोडीने, या गोळीचे स्थान कायम राहिले.

१०. निष्कर्ष

(१) विंचूदंशावरील प्राझोसिनचा उपचार हा ग्राही संकल्पनेचा थेट उपयोग आहे. १९०६ च्या डेल यांच्या प्रयोगापासून १९८६ च्या महाडमधील उपचारापर्यंत एकच सूत्र दिसते : एक ग्राही रोखला की दुसऱ्याचा परिणाम उघडा पडतो. अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीत जो नियम शल्यचिकित्सकाने पाळावयाचा, तोच विंचूदंशात ग्रामीण वैद्याने.

(२) औषध परदेशातील प्रयोगशाळेतून आले. पण ते येथे लागू पडेल हे सांगणारी निरीक्षणे कोकणातील प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली. ग्रामीण केंद्र हे केवळ ज्ञान वापरण्याचे ठिकाण नसून ज्ञाननिर्मितीचेही ठिकाण असू शकते, असे यावरून म्हणता येते.

(३) लाल विंचवाने दगावणारे बहुतांश लहान मुले आणि शेतात राबणारी माणसे होती. त्यामुळे उपचाराची किंमत, तो तोंडाने देता येणे आणि साध्या लक्षणांवरून सुरू करता येणे या बाबी औषधाच्या रासायनिक गुणांइतक्याच निर्णायक ठरल्या.

(४) मालगुंडसारख्या गावात रात्री दंश झालेल्या मुलाच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासाचा अर्थ दोन गोष्टींत सामावतो : घाम, उलटी आणि गार हातपाय पाहून धोका ओळखणारे कोणी जवळ असणे आणि वेळेत योग्य औषध मिळणे. पहिली गोष्ट शिक्षणाने साधते, दुसरी आरोग्यव्यवस्थेने. यांपैकी एकही उणी पडली, तर अल्फा-ग्राहींविषयीचे ऐंशी वर्षांचे संशोधन त्या मुलापर्यंत पोहोचत नाही.